‘बी. ए. पास’ आणि हजेरीवहीतून खोडलेलं एक नाव

विहारामागच्या अभ्यासिकेत दोन संगणक आहेत. दोन्ही जुने, वर्गणीतून घेतलेले. भरतीचे फॉर्म भरायला, हॉलतिकीट काढायला, जुन्या प्रश्नपत्रिका बघायला पोरं ते वापरतात. गेल्या पावसाळ्यात त्यातल्या एकावर ‘चालू घडामोडी’ नावाच्या फोल्डरमध्ये एक सिनेमा सापडला. ‘बी. ए. पास’. अभ्यासिका आम्ही चौघे चालवतो, म्हणून तक्रार आमच्याकडे आली. वस्तीतले एक ज्येष्ठ म्हणाले, “आधी ती घाण काढा, मग बोलू.”

आम्ही डिलीट करायलाच बसलो होतो. पण न बघता निकाल द्यायचा ही सवय आपली नव्हे. आपल्याविषयी असे न बघता निकाल देणाऱ्यांशी तर आपलं भांडण आहे. म्हणून रात्री नऊनंतर आतून कडी लावून आम्ही तो सिनेमा पाहिला.

संपल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. आम्हाला लाज वाटत होती, पण पडद्यावरच्या दृश्यांची नाही. दीड महिन्यापूर्वी याच अभ्यासिकेच्या हजेरीवहीतून आम्ही एका मुलाचं नाव खोडलं होतं. त्याची लाज वाटत होती. हा लेख त्या सिनेमाबद्दल आहे आणि त्या मुलाबद्दलही. दोन्ही गोष्टी वेगळ्या करून लिहिता येतील असं आम्हाला वाटत नाही.

आधी सिनेमा. अजय बहल यांनी दिग्दर्शित केलेला ‘बी. ए. पास’ ऑगस्ट २०१३ मध्ये प्रदर्शित झाला. मोहन सिक्का यांची ‘द रेल्वे आंटी’ नावाची इंग्रजी कथा २००९ साली ‘दिल्ली न्वार’ या संग्रहात आली होती, त्यावर तो बेतलेला आहे. थोड्या पैशात काढलेला सिनेमा. मोठा हिरो नाही, परदेशातली गाणी नाहीत. दिल्लीचं पहाडगंज, रेल्वेच्या वसाहती, अंधारे जिने आणि एक ख्रिस्ती कबरस्तान. ‘ए’ प्रमाणपत्र असल्यामुळे तो ‘तसला सिनेमा’ म्हणून ओळखला गेला आणि ‘तसला’ म्हणूनच आमच्या पोरांपर्यंत पोहोचला. त्यातल्या कामासाठी शिल्पा शुक्ला यांना फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार मिळाला, हे पोरांना माहीत असायचं काही कारण नव्हतं.

गोष्ट अशी. आईबाप गेलेला मुकेश दिल्लीला आत्याकडे येतो. बी. ए.ला नाव घातलेलं आहे, पण घरात तो विद्यार्थी कमी आणि फुकटचा गडी जास्त. धाकट्या दोन बहिणी लांब एका वसतिगृहात. त्यांना तिथून काढून आपल्याजवळ आणायचं, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा. आत्याच्या ओळखीतली सारिका नावाची विवाहित बाई त्याला जवळ करते, आणि पुढे पैसे घेऊन दुसऱ्या बायकांकडे पाठवू लागते. हातात पैसे येतात. ते तो सारिकाकडेच साठवायला देतो. कबरस्तानात काम करणारा जॉनी हा त्याचा बुद्धिबळातला जोडीदार, त्याला मॉरिशसला जायचंय. मग सगळं उलटतं. सारिकाच्या नवऱ्याला कळतं, आत्या घराबाहेर काढते, साठवलेले पैसे जातात, मित्रही जातो. शेवटी खून, मागे पोलीस, आणि गच्चीवरून उडी. बहिणी वाट बघत राहतात.

आता आमचा मुलगा. नाव लिहीत नाही, गावही लिहीत नाही. बी. ए. झालेला, पोलीस भरतीत एकदा मैदानीत पास आणि लेखीत सहा मार्कांनी मागे. वडील नाहीत. आई लग्नकार्यात पोळ्या लाटायला जाते. त्या वर्षीची शिष्यवृत्ती खात्यावर आली नव्हती. एक दिवस त्याच्या फोनवर जाहिरात आली. श्रीमंत महिलांशी मैत्री करा, दिवसाला पंधरा हजार कमवा. वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी ही जाहिरात पाहिली असेल. बसस्टँडच्या मुतारीत, पेपरच्या छोट्या जाहिरातींत, आता व्हॉट्सअॅपवर. ‘फ्रेंडशिप क्लब’ असं गोड नाव असतं.

या धंद्यात कुठलीच श्रीमंत बाई नसते. फोनवर एक गोड बोलणारी मुलगी असते आणि एक बँक खातं असतं. आधी नोंदणी फी, मग ओळखपत्राचे पैसे, मग वैद्यकीय तपासणीचे, मग हॉटेलचं डिपॉझिट, मग टॅक्स. दर वेळी ‘एवढे भरले की आजच काम मिळेल’. माणूस थांबला तर ‘आधीचे सगळे बुडतील’. आणि नाहीच भरले तर ‘तुमच्यावर केस करू, घरी कळवू’. आमच्या मुलाने असे मिळून एकेचाळीस हजार भरले. त्यातले तीस हजार आईने बचत गटातून उचललेले होते, त्याच्या भरतीच्या अकॅडमीसाठी.

पैसे गेल्याचं त्याने कुणाला सांगितलं नाही. चोरी झाली असती तर सांगितलं असतं. हे कसं सांगणार? धमक्यांना घाबरून त्याने एका मित्राकडे उसने मागितले, मित्राने चौकशी केली, आणि दुसऱ्या दिवशी चॅटचे फोटो अभ्यासिकेच्या ग्रुपवर. पोरांनी त्याला ‘प्लेबॉय’ म्हणायला सुरुवात केली. तो आत आला की खुर्च्या सरकवायचा आवाज व्हायचा आणि मागून हसू.

रविवारी वंदनेनंतर विषय निघाला. विहाराच्या आवारात असली माणसं नकोत, पंचशील घेतो आणि असले धंदे करतो, समाजाची अब्रू जाते, असं बोलणं झालं. आम्ही चौघे गप्प बसलो. आणि संध्याकाळी हजेरीवहीत त्याच्या नावावर रेघ मारली. लाल पेनाने, पट्टी ठेवून, नीट. सांगायला कुणी बळजबरी केली नव्हती. आम्हाला वाटलं, वाद वाढण्यापेक्षा बरं.

सिनेमा बघताना आत्या मुकेशला घराबाहेर काढते, तेव्हा आमच्यातला एकजण म्हणाला, “हे आपण केलंय.” आत्याही वाईट बाई नाही. तिलाही अब्रूचीच काळजी आहे.

आता वादाकडे येऊ. ज्येष्ठांचे तीन आक्षेप होते. तिन्ही खोटे नाहीत, म्हणून त्यांना नीट उत्तर दिलं पाहिजे.

पहिला आक्षेप शीलाचा. तिसरं शील स्पष्ट आहे, त्यात पळवाट नाही. मान्य. पण धम्मात शील एकटं नाही. अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ लिहिताना दारिद्र्याचं गुणगान केलेलं नाही. योग्य मार्गाने मिळवलेल्या संपत्तीला बुद्धाचा विरोध नव्हता, हे त्यांनी ठासून मांडलं आहे. मग योग्य मार्ग उपलब्ध आहे का, हे विचारणं धम्माच्या बाहेरचं कसं? सहा मार्कांनी मागे राहिलेल्या मुलासमोर भरती पुढे ढकलली जाते, शिष्यवृत्ती लांबते, आणि आईच्या हाताला पोळपाटाचे घट्टे पडतात. त्याला आपण फक्त तिसरं शील ऐकवतो. आणि त्याला फसवणाऱ्याने तर दुसरं आणि चौथं अशी दोन शीलं मोडली. त्याच्याबद्दल त्या रविवारी एक वाक्यही बोललं गेलं नाही.

समाजशास्त्र शिकताना आम्हाला रॉबर्ट मर्टनचा १९३८ सालचा सिद्धांत होता. समाज सगळ्यांना एकच ध्येय दाखवतो, पैसा आणि यश. पण तिथे पोहोचायची साधनं सगळ्यांना सारखी देत नाही. मग ज्याच्याकडे साधन नाही, तो ध्येय सोडत नाही, आडवाट शोधतो. परीक्षेत आम्ही हे दहा मार्कांना लिहिलं आणि मार्कही मिळवले. समोरच्या खुर्चीवरच्या मुलात मात्र ते आम्हाला दिसलं नाही. ‘बी. ए. पास’मध्ये सारिकाच्या दारात मुकेश पहिल्यांदा ओढला जातो तो वासनेनेच, हे नाकारायचं कारण नाही. वयच ते. पण त्यानंतर तो मोजतो त्या नोटा असतात आणि त्याच्या डोळ्यांपुढे बहिणी असतात. ‘मोह’ हा शब्द वापरताना आपण गृहीत धरतो की माणसापुढे दोन रस्ते होते आणि त्याने वाईट निवडला. मुकेशपुढे दुसरा रस्ता कोणता होता, हे सिनेमा आपल्याला विचारतो. सिनेमाचं नाव ‘सारिका’ किंवा ‘वासना’ नाही, ‘बी. ए. पास’ आहे. आमच्या मते खरा अश्लील शब्द तोच. तीन वर्षं शिकून हातात आलेला कागद, ज्यावर कुणी चपराशीही ठेवत नाही.

दुसरा आक्षेप असा, की असले विषय काढले तर लोक आपल्या समाजाला हसतील. ही भीती आम्हाला कळते. आपल्या बायाबापड्यांची शरीरं शतकानुशतकं सार्वजनिक मालमत्ता समजली गेली. शैलजा पाईक यांचं ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ हे २०२२ सालचं पुस्तक तमाशा करणाऱ्या दलित स्त्रियांवर आहे. अश्लील हा शिक्का जातीच्या हाताने कुणावर मारला जातो आणि त्याविरुद्ध माणुसकीची लढाई कशी झाली, हे त्यात आहे. म्हणून आपल्या चळवळीने अब्रूला जपलं, ते बरोबरच केलं. पण अब्रू जपणं आणि माणूस टाकणं यात फरक आहे. आपल्यावर हसणारे बाहेर होते, हे खरं. त्या मुलावर मात्र आधी आपण हसलो.

इथे ‘फँड्री’ आठवतो. तोही त्याच सुमाराचा, फेब्रुवारी २०१४ मध्ये लागला. जब्याला शालू आवडते, त्याला जीन्स हवी असते, आणि त्याच्या त्या इच्छेसाठी आपण टाळ्या वाजवल्या, रडलो, शेवटचा दगड आपल्या हातातला समजलो. का? कारण जब्याची इच्छा निर्मळ आहे. आपल्या पोरांनी इच्छा धरावी, पण ती निरागस असावी, अशी आपली अट असते. इच्छा थोडी मळकी झाली, तिला पैशाचा आणि शरीराचा वास लागला, की तोच मुलगा आपल्याला नकोसा होतो. वरच्या जातीतल्या पोरांना चुकण्याची मुभा असते. ती ‘वयाची चूक’ ठरते. आपल्या पोराची चूक समाजाचा कलंक ठरते, आणि कलंक म्हणणारे आता आपणच असतो.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार. बाबासाहेबांनी असल्या गोष्टींना कधी थारा दिला नाही. यासाठी दाखला दिला गेला १६ जून १९३६च्या सभेचा. परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्यातल्या स्त्रिया, देवदासी, मुरळी, वाघे, पोतराज यांच्यापुढे भाषण केलं आणि हे लाजिरवाणं जगणं सोडा असं बजावलं. भाषण कठोर होतं. आजच्या काही स्त्रीवादी अभ्यासकांना ते फार कठोर वाटतं, त्यावर चर्चा व्हायला हवी. पण एक गोष्ट बघा. बाबासाहेबांनी ते त्यांच्यासमोर उभं राहून सांगितलं. त्यांना सभेला बोलावलं, खाली बसवलं, तुम्हीही धर्मांतराच्या वाटेवरच्या माणसं आहात हे धरून सांगितलं. त्यांच्या पाठीमागे ठराव करून वहीत रेघ मारली नाही. आम्ही त्या मुलाला बैठकीला बोलावलंसुद्धा नव्हतं.

पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे पैसे चळवळीला देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, ही आठवण आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. तिचा अर्थ काय घ्यायचा? आम्ही असा घेतो. नाचणाऱ्या महार स्त्रीच्या शरीरावर मिळवलेला पैसा बाबासाहेबांनी नाकारला. शरीर विकावं लागणारा आणि त्या शरीरावर कमाई करणारा, यातला दुसरा त्यांनी ओळखला. ‘बी. ए. पास’मध्ये मुकेशच्या शरीराचे पैसे सारिकाच्या हातून जातात. फ्रेंडशिप क्लबमध्ये तर शरीराचीही गरज पडली नाही, नुसत्या आशेवरच एकेचाळीस हजार निघाले. राग या कमाई करणाऱ्यावर पाहिजे.

आणि अश्लीलतेबद्दलच बोलायचं तर १९३४ विसरू नये. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’मधून वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरं देत, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयात उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण लैंगिक प्रश्न विचारणं म्हणजे विकृती नव्हे, ही भूमिका घेऊन बाबासाहेब उभे राहिले हे महत्त्वाचं. आपल्या अभ्यासिकेत वीस-बावीस वर्षांची साठ पोरं बसतात. त्यांच्या मनात शरीराविषयी, लग्नाविषयी, पैशाविषयी काय चाललंय, हे विचारायला आमच्याकडे एकही तास नव्हता. म्हणून त्यांनी तो ‘चालू घडामोडी’त लपवला.

याचा अर्थ ‘बी. ए. पास’ थोर सिनेमा आहे असं आम्ही म्हणत नाही. त्यात दोष आहेत आणि मोठे आहेत. पहिला, जात कुठेच नाही. दिल्लीत आत्याच्या घरी राबणाऱ्या मुलाला, कबरस्तानात काम करणाऱ्या जॉनीला, वसतिगृहातल्या मुलींना जात नसते यावर फक्त हिंदी सिनेमाच विश्वास ठेवू शकतो. दुसरा, सारिका. ती जाळं विणून बसलेली कोळीण म्हणून दाखवली आहे. ती अशी का झाली, हे ओझरतं सांगून सिनेमा पुढे जातो. तिच्याकडे ऐश्वर्य दिसतं, पण तिचं स्वतःचं असं काय आहे? घर नवऱ्याचं, नाव नवऱ्याचं, पैसा नवऱ्याचा. अशा स्त्रीला घटस्फोटाचा आणि मालमत्तेचा हक्क मिळावा म्हणून बाबासाहेब हिंदू कोड बिलासाठी झगडले आणि १९५१ मध्ये मंत्रिपद सोडून आले. सारिकाला दोषी ठरवण्याआधी तिची कोंडी बघावी लागेल. मुकेशसाठी जी सहानुभूती मागतो ती तिला नाकारली, तर आमचा न्याय पुरुषी ठरेल. तिसरा दोष शेवटाचा. एवढं धाडस करून सिनेमा शेवटी जुन्या कीर्तनाच्या वाटेने जातो. पाप केलं, बाई मेली, पोरगं मेलं, संपलं. मेलेल्या माणसाला कुणाला काही विचारायचं नसतं आणि कुणाला काही द्यायचंही नसतं. आपल्या मुलांचं असं होऊ द्यायचं नसेल, तर शेवट आपल्याला दुसरा लिहावा लागेल.

सिनेमा पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. तो पुण्याला गेला होता, पार्सलच्या गोदामात रात्रपाळीला. आईने पाणी दिलं, बसायला चटई टाकली. एक अक्षर बोलली नाही. आम्ही बचत गटाच्या हप्त्याचं विचारलं. तेव्हा कळलं की सहा हप्ते गटातल्या बायकाच थोडेथोडे करून भरत होत्या. पुरुषांची बैठक शीलावर चालू होती, तेव्हा शेजारच्या ओट्यावर ही वर्गणी गोळा होत होती. गटाच्या अध्यक्ष मावशींना आम्ही विचारलं, तुम्हाला राग नाही आला? त्या म्हणाल्या, “पोरगं फसलंय, नासलं नाही. पैसं गेलं तर पैसं मिळवू. पोरगं गेलं तर कुठून आणायचं?” समाजशास्त्राचं एम. ए. करून जे आम्हाला सुचलं नाही, ते सातवी शिकलेल्या मावशींना पहिल्या दिवशी कळलं होतं.

आम्ही त्याला फोन केला. पहिले दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला. आम्ही म्हणालो, आमचं चुकलं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “दादा, केस होईल का हो माझ्यावर?” तीन महिने तो मुलगा त्या धमकीच्या भीतीत जगत होता, आणि त्याला हे सांगायला कुणी नव्हतं की केस त्याच्यावर नाही, त्या लोकांवर होते. आम्ही त्याला घेऊन तक्रार दिली. पैसे परत आलेले नाहीत, येतील असं सांगता येत नाही, कारण उशीर झाला. असं कुणाचं झालं तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. पहिले काही तास फार मोलाचे असतात. लाज बाळगण्यात तेच तास जातात, आणि फसवणाऱ्याचा सगळा धंदा आपल्या लाजेवर उभा असतो.

पुढच्या रविवारी आम्ही वंदनेनंतर उभे राहिलो आणि ठराव मागे घ्यायची विनंती केली. वाद झाला. दोन ज्येष्ठ उठून गेले, ते अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत. त्यांच्याविषयी आमच्या मनात आदर आहे. नामांतराच्या काळात त्यांनी लाठ्या खाल्ल्या आहेत, हे विहार त्यांनी डोक्यावर विटा वाहून बांधलं आहे. पण ज्यांच्यासाठी बांधलं त्यांनाच बाहेर ठेवलं, तर विटा वाहिल्या कशाला, हे आम्ही त्यांना विचारलं आणि पुन्हाही विचारू.

हजेरीवहीत त्याचं नाव आता शेवटच्या पानावर नव्याने लिहिलं आहे. जुन्या नावावरची लाल रेघ तशीच आहे, ती पुसली जात नाही. सिनेमा अभ्यासिकेच्या संगणकावरून काढला, कारण तिथे अठरा वर्षांखालची मुलंही बसतात. पण महिन्यातून एका शनिवारी मोठ्या मुलांचा एक तास सुरू केला आहे. त्यात पैसा, नोकरी, प्रेम, शरीर, फसवणूक, काहीही विचारता येतं. मुलींचा असाच तास मावशी आणि एक परिचारिका ताई घेतात. पहिल्या तासाला अकरा पोरं आली, आणि अर्धा तास सगळी मान खाली घालून बसली. मग एकाने विचारलं, “ती पंधरा हजारवाली जाहिरात खरी असते का?”

म्हणजे फोन त्याच्याकडेही आला होता.

तुमच्या गावच्या अभ्यासिकेतही कुणाकडे तरी आला असेल. त्याला आधी हसू नका.

जय भीम.